रास्पबेरी पाय ५ ला चार एसएसडी: टेराबाइट नंतर मोजा, अँपिअर आधी

प्रश्न थोडक्यात असा. घरात ८ जीबीचा रास्पबेरी पाय ५, म्हणजे तळहाताएवढा संगणक, आहे. एका स्लॉटची हॅट (पायला जोडायचा जादा बोर्ड) लावून त्यावर १ टीबीची एनव्हीएमई (पट्टीसारखी वेगवान एसएसडी) बसवली आहे आणि सिस्टीमही तिच्यावरूनच चालू होते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या दोन अडीच इंची साटा (जुन्या जोडणीच्या) एसएसडी यूएसबी अडॅप्टरने जोडल्या. एकेकटी नीट चालते, पण दोन्ही लावून फोटो कॉपी करायला घेतले की दहा-पंधरा मिनिटांत एक गायब होते आणि पाय बंद करून चालू केला की परत येते. आता २ टीबीची आणखी एक एनव्हीएमई घ्यायची आहे. दोन स्लॉटची हॅट घ्यावी, साटाची हॅट घ्यावी की पॉवरवाला यूएसबी हब? चौघींचं मिळून रेड करावं का, म्हणजे सगळ्या डिस्क एकत्र बांधाव्यात का? आणि शेवटी जाता जाता लिहिलेलं एक वाक्य: "चार्जर ६५ वॅटचा आहे, त्यामुळे पॉवरचा प्रश्न नसावा."

तुमचा आजार त्या शेवटच्या वाक्यात आहे. तिथूनच सुरू करतो.

पाय ५ ला पूर्ण ताकदीने चालायला ५ व्होल्टला ५ अँपिअर लागतात. लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर हे ६५ वॅट देतो ते २० व्होल्टला. ५ व्होल्टला तो बहुतेक वेळा ३ अँपिअरवर थांबतो, म्हणजे हातात पडतात १५ वॅट. आणि पाय ५ व्होल्टखेरीज दुसरं काही मागतच नाही. त्यामुळे चार्जर ६५ चा असो की १०० चा, पायच्या दृष्टीने तो १५ वॅटचाच. रास्पबेरीचा स्वतःचा जो २७ वॅटचा अडॅप्टर मिळतो, त्याचं वेगळेपण २७ या आकड्यात नाही. तो ५.१ व्होल्टला ५ अँपिअर देतो, यात आहे. असे चार्जर फार कमी. नवा घेताना डब्यावरचा मोठा आकडा बघू नका, अडॅप्टरवरच्या बारीक अक्षरांत ५ व्होल्टपुढे काय छापलंय ते चष्मा लावून वाचा.

पुढची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. चालू होताना पाय चार्जरशी बोलून घेतो. समोरून ३ अँपिअरचंच उत्तर आलं, तर तो यूएसबीच्या चारही पोर्टना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो. ५ अँपिअर मिळणार हे कळलं तरच ही मर्यादा १.६ अँपिअर होते. आता तुमच्या साटा एसएसडीचं लेबल बघा. ५ व्होल्ट, १ अँपिअर किंवा १.५ अँपिअर असं काहीतरी असेल. एवढा करंट ती सतत खात नाही. नुसती पडून असते तेव्हा जवळजवळ काहीच घेत नाही, पण सलग लिहिताना भूक वाढते. दोन डिस्क, ६०० मिलिअँपिअर, आणि त्यात अडॅप्टरमधल्या चिपचा वाटा वेगळा. दहा-पंधरा मिनिटं निभावतं हेच नवल.

खात्री करून घ्यायची असेल तर दोन ठिकाणी बघा. पायची जी थ्रॉटलिंग (वीज किंवा उष्णतेमुळे वेग आखडणं) दाखवणारी कमांड आहे, तिचं उत्तर शून्य असेल तर चालू झाल्यापासून व्होल्टेज एकदाही पडलेलं नाही. ५०००० असेल तर मधे कधीतरी पडलं होतं, आता ठीक आहे. ५०००५ असेल तर या क्षणीही पडलेलंच आहे. पण एवढ्यावर थांबू नका. यूएसबीची मर्यादा आडवी आली, तर पायचं स्वतःचं व्होल्टेज ठणठणीत असूनही डिस्क पडू शकते. त्यासाठी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग उघडा आणि ओव्हर-करंट किंवा यूएसबी डिस्कनेक्ट अशा ओळी शोधा. दुसरी टर्मिनल खिडकी उघडून लॉग चालता ठेवा, पहिल्या खिडकीत कॉपी लावा. डिस्क जाते तो क्षण डोळ्यांसमोर दिसतो.

मी कोल्हापूर-सांगलीकडच्या फोटो स्टुडिओंना असे छोटे सर्व्हर लावून देतो. लग्नसराईत एका रात्रीत दीड-दोनशे जीबी उतरवून घ्यायचे असतात. एका स्टुडिओत याच दुखण्यासाठी मी तीन केबल, दोन अडॅप्टर आणि एक एसएसडी बदलली होती. शेवटी त्यांच्या मुलाने सहज विचारलं, "काका, हा चार्जर माझ्या लॅपटॉपचा आहे, आज नेऊ का?" त्या दिवसापासून मी कुठेही गेलो की आधी चार्जर उलटा करून वाचतो.

आता पूर्ण हिशोब मांडू, कारण तुम्हाला दोन नाही, चार डिस्क हव्यात. ५.१ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे साडेपंचवीस वॅट. पाय स्वतः राबत असताना सात-आठ वॅट घेतो. एनव्हीएमईच्या लेबलवर ३.३ व्होल्ट आणि २.५ अँपिअर लिहिलेलं असेल तर ती कमाल सव्वाआठ वॅटपर्यंत जाऊ शकते. व्यवहारात डीरॅम (स्वतःची जलद मेमरी) नसलेल्या साध्या डिस्क बऱ्याच कमी घेतात, मी प्रत्येकी पाच धरतो. साटाला प्रत्येकी तीन. पाय ८, दोन एनव्हीएमई १०, एक साटा ३: बेरीज २१. चालेल, थोडी जागाही उरते. दुसरी साटा जोडली की २४. कागदावर बसतंय, पण सगळ्यांनी एकदम राबायचं ठरवलं तर बसत नाही. आणि बॅकअपच्या रात्री सगळ्या एकदमच राबतात. म्हणून माझी रेघ ठरलेली आहे: पायच्या अडॅप्टरवर तीन डिस्कपर्यंत. चौथी आली की डिस्कना स्वतःचा वीजपुरवठा.

या रेघेत आणखी एक अट आहे. दोन स्लॉटची हॅट घेताना ती वीज कुठून घेते ते बघा. पाय ५ वरच्या पीसीआयईच्या (एनव्हीएमई जिच्यावर चालते त्या जोडणीच्या) चपट्या केबलमधून ५ व्होल्टला १ अँपिअर, म्हणजे ५ वॅटच मिळतात. एका शांत स्वभावाच्या एनव्हीएमईला ते पुरतात, दोघींना नाही. त्यामुळे हॅटने पायवरच्या ४० पिनच्या रांगेवरूनही, म्हणजे जीपीआयओवरूनही, ५ व्होल्ट घेतले पाहिजेत, किंवा तिला वेगळी पॉवरची जागा पाहिजे. नुसत्या चपट्या केबलवर दोन स्लॉट चालवणारा बोर्ड स्वस्त दिसला तरी घेऊ नका. तो डेस्कवर चालतो, रात्री बॅकअपला पडतो.

आता वेगाकडे येऊ, कारण हॅट निवडताना लोक पैसे घालवतात ते इथे.

पाय ५ वर बाहेर काढलेली पीसीआयई लेन एकच आहे. अधिकृतपणे ती जेन २ ची, म्हणजे दुसऱ्या पिढीची. कागदावर सेकंदाला ५०० एमबी, प्रत्यक्षात चारशे-साडेचारशे. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकून ती जेन ३ ला चालवता येते आणि आठशेच्या पुढे जाते. पण रास्पबेरीवाले त्याची हमी देत नाहीत, आणि केबल जरा लांब किंवा हलकी असेल तर कर्नलच्या लॉगमध्ये 'करेक्टेड एरर'चा पाऊस पडतो. दोन डिस्क जोडायच्या तर या एका लेनला फाटे फोडावे लागतात. ते काम हॅटवरची स्विचची चिप करते. दोन स्लॉटच्या बऱ्याच हॅटवर एएसमीडियाची एएसएम ११८२ असते. ती मुळातच जेन २ ची आहे, त्यामुळे जेन ३ ची ओळ लिहूनही काही फरक पडत नाही. जेन ३ चा स्विच असलेल्या हॅटही मिळतात, महाग असतात.

तर महागडी घ्यावी का? त्याआधी सांगा, हा डेटा तुमच्यापर्यंत येतो कुठून? पायच्या गिगाबिट इथरनेटवरून. ते खच्चून चाललं तरी सेकंदाला ११०-११५ एमबी. म्हणजे तुमची जुनीपुराणी साटा एसएसडीसुद्धा नेटवर्कच्या चौपट वेगाने वाचते. वायफायवर असाल तर बोलायलाच नको. दोन एनव्हीएमईवर आरसा केला, म्हणजे रेड १, तर तेच लिखाण दोनदा त्याच लेनवरून जातं आणि प्रत्येकीच्या वाट्याला दोनशेच्या आसपास उरतात. तेही नेटवर्कच्या दुप्पट आहेत. एका डिस्कवरून दुसरीवर कॉपी करताना तर लेन निम्मी होतच नाही, कारण पीसीआयईला जायची आणि यायची वाट वेगळी असते. वाचन एका वाटेने येतं, लिखाण दुसऱ्या वाटेने जातं. तेव्हा जेन २ ची साधी हॅट घ्या आणि वाचलेल्या पैशांत चांगला अडॅप्टर आणि हीटसिंक घ्या. वेगासाठी पायवर रेड ० करणाऱ्यांना, म्हणजे डेटा दोन डिस्कवर वाटून लिहिणाऱ्यांना, मी हात जोडतो. बोळात उभ्या केलेल्या दोन ट्रकांसारखं ते आहे.

तुमच्या बाबतीत एक अडचण मात्र खरी आहे. तुमची सिस्टीम एनव्हीएमईवरून चालू होते. एका स्लॉटच्या हॅटवर ती डिस्क थेट लेनवर होती, आता ती स्विचच्या मागे जाईल. पाय ५ बाजारात आला तेव्हाच्या बूटलोडरला (सिस्टीम सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) स्विचमागची डिस्क दिसतच नसे. लिनक्स एकदा चालू झालं की सगळं दिसतं, पण चालूच होत नाही! हॅट बदलण्याआधी बूटलोडर अद्ययावत करा. तरीही माझा सल्ला असा की सिस्टीम तिथे ठेवूच नका. पडून असलेल्या साटा एसएसडींपैकी जी जास्त तब्येतीची आहे, ती यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टला लावा आणि सिस्टीम तिच्यावर हलवा. बूटचा क्रम यूएसबी, मग मेमरी कार्ड असा लावा. दोन्ही एनव्हीएमई फक्त डेटासाठी राहतील. उद्या हॅट बिघडली, केबल सैल झाली, तरी पाय चालू होईल आणि तुम्ही आत जाऊन बघू शकाल. मॉनिटर न जोडलेल्या मशीनला हे फार मोलाचं असतं.

केबलचं नाव निघालंच आहे, तर ती बसवण्याबद्दल. निम्म्या तक्रारी तिथल्या असतात. पायवरचा तो सोळा पिनचा कनेक्टर नाजूक आहे. त्यावरची पट्टी दोन्ही बाजूंनी नखाने अलगद वर उचलायची, एका बाजूने नाही, नाहीतर कान तुटतो. केबलची तांब्याची बाजू यूएसबी पोर्टकडे तोंड करून सरळ खाली घालायची, तळाला टेकली की बोटाला कळतं. मग पट्टी दोन्ही टोकांनी एकदम दाबायची. आता आडव्या नजरेने बघा. केबलची कड कनेक्टरशी समांतर दिसली पाहिजे. एक बाजू केसभर जरी वर असली तरी डिस्क कधी दिसेल, कधी नाही. आणि हे सगळं अडॅप्टर काढून. पाय बंद केला म्हणजे वीज गेली असं नसतं.

यूएसबीवर जी साटा राहील तिच्या अडॅप्टरबद्दल दोन गोष्टी. हे अडॅप्टर यूएएस नावाच्या वेगवान पद्धतीने बोलतात, आणि काही चिप्सचं ते बोलणं भाराखाली अडखळतं. लॉगमध्ये यूएएस अबॉर्ट आणि मग रीसेट अशा ओळी आल्या की समजायचं. वीज पुरेशी असूनही असं होत असेल, तर कर्नलला त्या अडॅप्टरपुरतं यूएएस बंद करायला सांगता येतं. कमांडलाइनच्या फाइलमध्ये अडॅप्टरचे दोन ओळखक्रमांक लिहून पुढे क्वर्कचं (अपवादाच्या सूचनेचं) 'यू' अक्षर द्यायचं. वेग थोडा उतरतो, डिस्क पडायची थांबते. दुसरी गोष्ट ट्रिमची, म्हणजे कुठली जागा मोकळी झाली ते डिस्कला कळवण्याची. बरेच अडॅप्टर ट्रिमचा आदेश डिस्कपर्यंत पोचवत नाहीत. एलएसबीएलके कमांडला डिस्कार्डचा पर्याय देऊन बघा. त्या डिस्कपुढे शून्यं असतील तर ट्रिम पोचत नाही आणि डिस्क भरत जाईल तशी लिहायला मंद होत जाईल. सिस्टीमच्या डिस्कवर लिखाण कमी, त्यामुळे तिथे हे खपून जातं. डेटाच्या डिस्कवर मी खपवून घेत नाही. एनव्हीएमईला हा प्रश्नच नसतो, आठवड्याचा ट्रिमचा टायमर चालू आहे एवढं पाहिलं की झालं.

एकाच दुकानातून एकाच जातीचे दोन अडॅप्टर आणले असतील तर आणखी एक गंमत होते. दोघांचा सीरियल नंबर एकच निघतो, कारखान्यातून तसाच छापलेला. सीरियलवरून डिस्क ओळखणारी कुठलीही व्यवस्था मग दोघींना एकच समजते. आणि हो, यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर गोंगाट होतो. इंटेलने २०१२ मध्येच याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. डिस्क लावल्यावर वायफाय रडायला लागलं तर ५ गिगाहर्ट्झवर जा, किंवा सरळ केबल ओढा. सर्व्हरला तसंही वायफायवर ठेवू नये.

पॉवरवाल्या हबचं विचारलंत. चालतो, पण दोन अटींवर. त्याचा स्वतःचा अडॅप्टर पाहिजे, आणि तो उलटी वीज पायमध्ये सोडणारा नको. स्वस्तातले काही हब हे करतात. पारख सोपी आहे. हब चालू ठेवून पायचा अडॅप्टर काढा. पायचा दिवा मिणमिणत राहिला तर तो हब दुकानदाराला परत.

साटाच्या हॅटचा मार्ग वेगळा आहे आणि ज्यांच्याकडे साटाच्या चार-पाच डिस्क आहेत त्यांच्यासाठी तो खरंच चांगला आहे. राडक्साची पेंटा साटा हॅट हे त्याचं उदाहरण. जेमायक्रॉनची जेएमबी ५८५ चिप, एका लेनवर पाच साटा. ती १२ व्होल्ट घेते, डिस्कना देते आणि जीपीआयओवरून पायलाही ५ व्होल्ट पुरवते. अशी हॅट लावली की पायला वेगळा यूएसबी-सी चार्जर लावायचा नाही, नाहीतर एका घरात दोन मीटर होतात. यात एक खोच आहे. जीपीआयओवरून वीज आली की पायला चार्जरशी बोलता येत नाही, म्हणून तो ३ अँपिअरच धरतो आणि यूएसबीवर पुन्हा ६०० मिलिअँपिअरची कात्री लावतो. बूटलोडरच्या सेटिंगमध्ये पुरवठा ५ अँपिअरचा आहे असं लिहून द्यावं लागतं. पण ही हॅट पीसीआयईची लेन स्वतःच घेते, म्हणजे तुमची एनव्हीएमई बाहेर. तुमच्याकडे एक एनव्हीएमई आहे आणि दुसरी घ्यायची आहे, तेव्हा हा मार्ग तुमचा नाही.

पाय ४ वर हेच करू पाहणाऱ्यांसाठी: तिथली एकुलती पीसीआयई लेन यूएसबीच्या चिपने खाल्लेली आहे आणि चारही पोर्टना मिळून १.२ अँपिअर मिळतात. एक एसएसडी थेट, बाकीच्या पॉवरवाल्या हबवर. त्यापुढे जाऊ नका.

चारही डिस्क एनव्हीएमईच हव्यात असं मनात असेल तर मी पाय सोडायला सांगेन. फ्रेंडलीएलेकचं सीएम ३५८८ नावाचं किट आहे, आरके ३५८८ चिपवरचं. त्यात चार एम.२ स्लॉट, प्रत्येकाला जेन ३ ची स्वतःची लेन, आणि इथरनेट अडीच गिगाबिटचं. यंत्र म्हणून पायच्या पुढे आहे. मात्र पायच्या मागे जो सॉफ्टवेअरचा आणि माणसांचा गोतावळा आहे तो तिथे नाही. अडलात तर शोधत बसावं लागतं. तुमचा बेत तीन डिस्कमध्ये बसतो, तेव्हा तुम्ही पायवरच राहा.

आता रेड. घरगुती फोटोंसाठी मी रेड १ लावत नाही, आणि यावर माझे मित्रांशी वाद झालेत. आरसा डिस्क मेल्यावर वाचवतो. पण घरातले फोटो जातात ते डिस्क मेल्यामुळे कमी आणि कुणीतरी चुकून फोल्डर उडवल्यामुळे जास्त. ते उडवणंही आरशात त्याच क्षणी उमटतं. स्टुडिओवाल्यांना मी रेड लावून देतो, कारण लग्नाच्या दिवशी मशीन बंद पडून चालत नाही. तुमचं मशीन दोन तास बंद राहिलं तर कुणाचं काय अडणार आहे? म्हणून असं करा. नवी २ टीबी मुख्य डिस्क, ईएक्सटी ४ या फाइलसिस्टीमची. जुनी १ टीबी नकलेसाठी, बीटीआरएफएस या फाइलसिस्टीमची. रोज रात्री आरसिंक या कॉपीच्या कमांडने मुख्य डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रं नकलेवर, आणि लगेच नकलेचा एक वाचनापुरता स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत. तीस स्नॅपशॉट ठेवा, जुने आपोआप उडू द्या. मागच्या मंगळवारी उडवलेला फोल्डर मग आजही सापडतो. सिनेमे नकलेत घेऊ नका, ते परत मिळतात. तेवढं वगळलं तर १ टीबी पुरेल.

दोन्ही डिस्क एफएसटॅबमध्ये (चालू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) लिहिताना नावाने लिहू नका, यूयूआयडीने, म्हणजे न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने, लिहा. आजची एनव्हीएमई शून्य उद्या एनव्हीएमई एक होऊ शकते, आणि मग नकलेची मुख्य होते. प्रत्येक ओळीत 'नोफेल' हा पर्याय टाका. तो नसेल आणि एखादी डिस्क दिसली नाही, तर लिनक्स दीड मिनिट वाट बघून आणीबाणीच्या मोडमध्ये जाऊन बसतं. तुमच्याकडे मॉनिटर नाही, एसएसएच (नेटवर्कवरून आत जायची वाट) नाही, आणि बाहेरून ते मेल्यासारखं दिसतं.

पण नोफेलने दुसरा खड्डा तयार होतो, आणि त्यात मी स्वतः पडलोय. डिस्क माउंट झाली नाही तरी तिचा फोल्डर जागेवर असतोच, रिकामा. बॅकअपची स्क्रिप्ट बिचारी त्या फोल्डरमध्ये इमानेइतबारे लिहीत राहते, म्हणजे प्रत्यक्षात सिस्टीमच्या डिस्कवर. माझ्या घरी हे अकरा दिवस चाललं होतं. मला वाटत होतं बॅकअप होतोय. बाराव्या दिवशी सिस्टीमचं मेमरी कार्ड गच्च भरलं आणि सगळं थांबलं, तेव्हा उजेड पडला. तेव्हापासून एक सवय लावून घेतली. डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचएटीटीआर कमांडने 'बदलता न येणारा' करून टाकायचं. डिस्क वर बसली की लिहिता येतं, नसली की स्क्रिप्ट ओरडते. शिवाय स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत माउंट झालंय का ते तपासायचं.

उष्णतेचं. दोन स्लॉटच्या बऱ्याच हॅट पायच्या खाली बसतात आणि डिस्क टेबलाकडे तोंड करून पालथ्या. वारा शून्य. पाय स्वतः ८० अंशांना हात आखडायला लागतो, एनव्हीएमईही साधारण त्याच सुमारास. आमच्याकडे मे महिन्यात खोलीच ३६-३७ असते, विदर्भात आणि जळगावकडे विचारायलाच नको. पायला अधिकृत पंखा लावा, डिस्कना बारीक हीटसिंक चिकटवा आणि अख्खी वस्तू आडवी न ठेवता उभी करा. हीटसिंकसाठी डिस्कवरचं लेबल सोलू नका, वॉरंटी त्याच्याबरोबर जाते.

वीज जाण्याचं तर आपण रोजच जगतो. घरच्या एसएसडीमध्ये वीज गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करण्याइतका साठा नसतो. इन्व्हर्टर असेल तर त्यामागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते बघा. साध्या मोडमध्ये वीज बदलताना जो क्षणभर खंड पडतो, त्यात बल्बला काही होत नाही, पाय मात्र रीस्टार्ट होतो. तुम्हाला हे कळतही नसेल, पण डिस्कला कळतं. एनव्हीएमईची स्मार्ट माहिती (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) काढली की 'अनसेफ शटडाउन'चा आकडा दिसतो. आज लिहून ठेवा, महिन्याने परत बघा. वाढला असेल तर इन्व्हर्टर तपासा, डिस्कला दोष देऊ नका.

सामान आल्यावर लगेच फोटो हलवू नका. सगळं जोडा, आणि दोन्ही एनव्हीएमईंवर एकदम एका रात्रीचं लिखाण-वाचन लावून झोपा. त्याच वेळी सिस्टीमच्या साटावरही काहीतरी चालू ठेवा, कारण वाईटात वाईट घटका हीच. सकाळी थ्रॉटलचं उत्तर शून्य पाहिजे, लॉगमध्ये रीसेट नको, डिस्कचं तापमान ७० च्या आत पाहिजे. हे तिन्ही जमलं की मग फोटो.

उरली ती दुसरी साटा एसएसडी. ती पायला कायमची जोडूच नका. फक्त फोटो आणि कागदपत्रं तिच्यावर कॉपी करा आणि गावी, भावाकडे किंवा बहिणीकडे, कपाटात ठेवून द्या. चोरी, आग, पूर यापासून घरातल्या तीन डिस्क मिळूनही वाचवत नाहीत. कृष्णेकाठच्यांना २०१९ नंतर हे सांगावं लागत नाही. एकच लक्षात ठेवा. एसएसडी वीज नसताना कायमची आठवण ठेवत नाही. घरगुती एसएसडी पुरती झिजल्यावरही ३० अंशांत, बिनविजेची, एक वर्ष डेटा धरेल, एवढीच जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे, आणि तुमची तर आधीच लॅपटॉपमध्ये राबून आलेली. गणपतीला आणि शिमग्याला गावी जाता ना? तेव्हा ती घेऊन या, पायला लावून नवे फोटो भरा, आणि पुढच्या फेरीला परत नेऊन ठेवा.